‘साइड इफेक्ट नाहीत’ असं कोण म्हणतं?

गेल्या काही वर्षांत आपल्या आरोग्य शिबिरांमध्ये एक वाक्य इतक्यांदा कानावर आलं, की त्याला आता लिहूनच उत्तर द्यावं असं ठरवलं. ‘बायकांच्या तक्रारींवर आपली आयुर्वेदिक औषधंच बरी, त्यांना साइड इफेक्ट नसतात.’ एखाद्या विक्रेत्याने असं म्हटलं तर मी समजू शकते, त्याचं पोटच त्यावर आहे. पण आरोग्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या आपल्याच मैत्रिणी ते म्हणतात आणि समोर बसलेल्या बायका माना डोलावतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वैद्याकडे, वैदूकडे किंवा गावातल्या जाणत्या सुईणीकडे जाणारी बाई अडाणी असते म्हणून जाते, हे मला अजिबात मान्य नाही. ती पुरेपूर विचार करून जाते. अंगावरून पांढरं जातंय, पाळीत कपड्यावर कपडे बदलावे लागतायत, उठताबसता अंग बाहेर येतंय, आणि हे सगळं सांगायचं कुणाला? सरकारी केंद्रात बाई डॉक्टर असेलच असं नाही. असली तरी टेबलाला पडदा नसतो, दाराशी रांग उभी असते आणि ‘पाय वर घे, लाजतेस काय, पोरं झाली ना?’ हे रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जातं. वैद्य नाडी धरतो, जेवणखाण विचारतो, झोप विचारतो, मनाला काय लागलंय तेही विचारतो. लुगडं सोडायला लावत नाही. बाटली घरी नेली तर सासूला ‘ताकदीचं औषध आहे’ असं सांगता येतं. या चारही गोष्टी बाईच्या दृष्टीने मोलाच्या आहेत.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. या दोन आकड्यांमधल्या पोकळीतच काढे, चूर्णं आणि पोटल्या विकल्या जातात.

शिवाय दवाखान्याचं भयही खोटं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सर्वेक्षण झालं, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमध्ये एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक’ असं सांगून टेबलावर घेणारे डॉक्टर असतील, तर त्यांच्यापेक्षा काढा बरा, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं?

तिचं काही चुकलेलं नाही. पण आपण जिच्यापासून पळालो ती जागा वाईट होती, एवढ्यावरून जिथे पोचलो ती जागा चांगली ठरत नाही.

‘आपली औषधं’ म्हणजे नेमकी कोणाची? आजीने पाळीच्या दुखण्यावर पोटाला दिलेला गरम शेक माझा आहे, तो मी सोडणार नाही. शेकाने दुखणं कमी होतं हे चाचण्यांमध्येही दिसलं आहे. पण कारखान्यातून येणारी, सोनेरी झाकणाची, लेबलवर लाजरी नवरी छापलेली ‘गर्भाशय टॉनिक’ची बाटली माझी कशी? आणि ग्रंथातलं ज्ञान तरी आपलं होतं का? चरकसंहितेत पुत्र व्हावा म्हणून करायचा पुंसवनविधीही आहेच. आजही पोराच्या आशेने गरोदर बाईच्या घशात पुड्या ओतल्या जातात. हरयाणातल्या अभ्यासांमध्ये अशा औषधांचा आणि बाळाच्या जन्मजात व्यंगांचा संबंध दिसून आला आहे. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्या आपण, मुलगा देणाऱ्या पुडीसमोर ‘परंपरा’ म्हणून हात जोडणार का?

सुईणीचं ज्ञान हे बायकांचं ज्ञान, हे खरं. ते महाविद्यालयात कोणी नेलं नाही आणि सुईणीला पदवीही कोणी दिली नाही, तेही खरं. पण त्याच ज्ञानात गर्भ पाडण्यासाठी आत घालायची चित्रकमुळाची आणि रुईच्या चिकाची काडीही होती. किती बायका त्या काडीने गेल्या, याची मोजदाद कुठल्या ग्रंथात नाही. १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा होऊनही बायका काडीकडे जात राहिल्या त्या अपमानाच्या भीतीने. अपमान करणाऱ्याला जाब विचारायचा की काडीचे गोडवे गायचे?

आता साइड इफेक्टकडे येऊ. अशोकारिष्टात सीताअशोकाची साल असायला हवी. तिच्या जागी रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाची साल बाजारात मिसळली जाते, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवलं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात दुकानांमधून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं वारेतून गर्भापर्यंत पोचतं. ग्रंथात कृती असली की त्या औषधाला परवान्यासाठी बाईवर चाचणी केल्याचा पुरावा द्यावा लागत नाही; मग साइड इफेक्ट ‘नाहीत’ की कोणी मोजलेच नाहीत? (लोध्र तुरट असतो म्हणून अंगावरून जाणं थांबवतो, असं एका पदवीधर वैद्यांनी मला समजावलं होतं. तुरट तर सुपारीही असते.)

हल्ली शहरी मुलींसाठी आत ठेवायची ‘शुद्धी’ची पोटली निघाली आहे. योनीमार्ग मुळात आम्ल असतो आणि स्वतःची सफाई स्वतः करतो. आत धुण्याने किंवा काही कोंबण्याने ती व्यवस्थाच बिघडते आणि जंतुसंसर्ग वाढतो. बाईचं अंग घाणेरडं आहे, ही जुनीच शिकवण आता वनस्पतींच्या वेष्टनात विकली जाते आहे आणि आपण तिला ‘नैसर्गिक’ म्हणतो.

आमच्या भागातल्या एका बाईची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. पुन्हा रक्त दिसू लागलं. वैद्यांनी ‘उष्णता’ सांगितली आणि काढा दिला. आठ महिने ती काढा पीत होती, कारण मधूनमधून रक्त थांबायचं आणि तिला गुण आल्यासारखं वाटायचं. शहरात नेली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग पसरलेला होता. वैद्य दुष्ट नव्हते, पैसेही फार घेत नव्हते. त्यांनी फक्त एकदाही आत पाहिलं नव्हतं. लुगडं सोडायला न लावणारा वैद्य बाईला का आवडतो, हे मी वर लिहिलंच आहे.

आणि पाहायला काय लागतं? मुंबईत टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांमध्ये केलेल्या अभ्यासात फार न शिकलेल्या, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच की, लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहत होत्या. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. (तुलनेसाठी निम्म्या बायकांना तपासणीविना ठेवलं, हा त्या अभ्यासावरचा आक्षेप मला गंभीर वाटतो.) स्वस्त, साधं, बायकांनी बायकांसाठी करण्याजोगं तंत्र हेच की! तरी २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या बायका दोन टक्केही भरल्या नाहीत. या मागणीसाठी आपण किती मोर्चे काढले?

१९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एन इंजेक्शनाच्या शिबिरात बायकांना धड माहिती न देता सुया टोचल्या जात होत्या, तेव्हा स्त्रीसंघटनांनी नेमके प्रश्न विचारले. हे कोणावर तपासलं? काय परिणाम होतात? बाईला सांगितलं का? नफा कोणाचा? १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलो ते याच प्रश्नांवर. हेच प्रश्न काढ्याच्या बाटलीला विचारले की काही मैत्रिणींना ते पाश्चात्त्य विज्ञानाचं वर्चस्व वाटू लागतं. बाईचं शरीर पाश्चात्त्य सुईसाठी मोलाचं आणि देशी चूर्णासाठी फुकटचं, असं काही असतं का?

झाडपाला फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ‘शोधिनी’ गटातल्या कार्यकर्त्यांनी स्वतपासणी, गावोगावच्या बायकांच्या औषधांची नोंद आणि पडताळणी यांची सांगड घातली. १९९७ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. तो रस्ता कष्टाचा होता म्हणून ओस पडला आणि त्या जागी बाटल्यांची दुकानं उघडली.

पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे, गर्भाशयाच्या आजारांचीही. तरी आपल्या बसस्टँडच्या भिंती वाचून पाहा. आमच्या गटाने वहीत नोंदी सुरू केल्या आहेत: बाटलीचं नाव, किंमत, लेबलवर काय लिहिलंय, विकणाऱ्याने काय सांगितलं, बाईने किती दिवस घेतलं, तिची आतून तपासणी झाली होती का, पुढे काय झालं. दवाखान्यातल्या गोळ्यांसाठी आणि सुचवलेल्या ऑपरेशनांसाठीही त्याच वहीत तेच रकाने आहेत. मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात अशा नोंदी ठेवल्या असतील तर बायकांची नावं गाळून पुढच्या अंकापर्यंत पाठवा. जाहिरातींचे फोटोही पाठवा, तारीख आणि ठिकाण लिहून. तक्रार करताना ते लागतात.