कोऱ्या चहावर काढलेला दिवस



खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात निंदणाला जाणारी बाई पहाटे उठते, घरच्यांचं करते, भाकरी बांधते आणि स्वतः कपभर गोड कोरा चहा पिऊन शेत गाठते. दुपारी भूक मारायला पुन्हा चहा. दूध आणि डाळ परवडत नाही. साखर परवडते आणि लगेच तरतरी देते. पुढे हिलाच मधुमेह झाला की सल्ला मिळतो, ‘बाई, गोड सोडा, चालत जा.’ दिवसभर वाकून राबणारीला चालायचा सल्ला!

हा आजार सुखवस्तू, जाड माणसांचा, ही समजूत यामागे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे फाटक्या अंगाच्या माणसाच्या शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते.

त्यात रोजच्या साखरेची भर पडते. साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात आलं की स्वादुपिंड इन्सुलिन हे संप्रेरक सोडतं. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं. ते सतत जास्त आलं तर तिथे त्याची चरबी होते. हळूहळू शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग ते आणखी स्रवतं. कमरेचा वाढलेला घेर, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली साखर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर त्याला ‘मेटाबोलिक सिंड्रोम’ म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकाराची ती वाट आहे.

बाईच्या वाट्याला आणखी काही येतं. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त तयार करायला लावू शकतं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मूल राहायला वेळ लागतो आणि बोलणी तिलाच बसतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, चरबी पोटाकडे सरकते. बीजकोश तिशी-पस्तिशीतच काढले तर हे सारं वेळेआधी सुरू होतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या ज्यांचे बीजकोशही गेले, त्यांच्या पुढच्या तब्येतीकडे कोण पाहतं? आपल्या चहातली साखर अशाच बायांच्या कोयत्यातून येते.

तेव्हा प्रश्न एकट्या बाईच्या जिभेचा नाही. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा शिधा दिला. सणाला गोड हवंच; पण ज्वारी आणि डाळ रेशनवर दर महिन्याला हवी, ही मागणी आपण लावून धरायला हवी. मजुरीच्या दिवसात बसून जेवायला वेळ मिळणं, हाही आरोग्याचाच हक्क आहे.

आणि एक काम आजच करता येईल. तिशीपुढच्या प्रत्येकीसाठी आशाताई जो फॉर्म भरते, त्यात कमरेच्या घेराचा रकाना असतो. बाईसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. पुढच्या बैठकीत टेप आणा, एकमेकींची कंबर मोजा. घेर जास्त निघालेल्या, पाळी अनियमित असलेल्या आणि बाळंतपणात साखर वाढलेल्या साऱ्याजणी मिळून उपकेंद्रात जा, रक्तदाब आणि साखर तपासून मागा. एकटीला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवता येतं, वीसजणींना तसं पाठवणं अवघड जातं.