बोलावणं आलं तर जा, पण विचारून जा

तुमच्या घरात विशी-पंचविशीतलं कुणी असेल आणि एखाद्या संशोधन संस्थेनं त्याला विचारलं असेल, की "तुमच्या तब्येतीची आम्ही वर्षानुवर्षं नोंद ठेवू, सहभागी व्हाल का?", तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. त्या मुलामुलींनी वाचावेत, आईवडिलांनीही वाचावेत.

घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. पोरगं धडधाकट आहे, मग त्याची तपासणी कशाला?

धडधाकट असतानाचीच नोंद हवी असते. दुखणं आल्यावर तपासलं तर दुखणं कळतं. ते कधी सुरू झालं, कशानं सुरू झालं, हे कळत नाही. त्यासाठी आधीची वर्षं कुणीतरी लिहून ठेवलेली असावी लागतात.

आपल्या जवळचंच पाहा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांची बाळं जन्मली तेव्हा तोलली, मोजली. सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. पण आपली बाळं बारीक असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानानं जास्त होती.

ती बाळं मोठी होत गेली. सहाव्या वर्षी तपासणी झाली, बाराव्या वर्षी झाली, अठराव्या वर्षी झाली. अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर असावी त्यापेक्षा वर निघाली. आणि तपासलेली जवळजवळ निम्मी पोरं अंगानं बारीक होती. बारीक माणसाला साखर होत नाही, ही आपल्याकडची समजूत. ती गावातल्या पोरांनी दर वेळी वेळ काढून, दंड पुढे करून खोटी पाडली.

म्हणून माझं सांगणं आहे, बोलावणं आलं तर जा. पण डोळे उघडे ठेवून जा. कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी खात्री करा. कुठली संस्था, प्रमुख कोण, कुणाचा फोन नंबर, हे कागदावर मागा. त्या संस्थेत स्वतः जाऊन किंवा तिच्या जाहीर नंबरवर फोन करून विचारा. गावातल्या आशाताईंना विचारा. प्रवासखर्च द्यायला खात्याचा नंबर विचारतील, ते ठीक. ओटीपी किंवा पिन कुणी मागितला तर तो माणूस संस्थेचा नाही. फोन ठेवा.

मग संमतीपत्र घरी आणा. तिथंच उभ्या उभ्या सही करू नका. ते मराठीत मागा. जो भाग कळला नाही त्यावर पेनानं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. प्रश्न विचारल्यानं कुणी रागावत नाही. रागावलं तर तिथं सही करू नका.

हे प्रश्न नक्की विचारा. किती वर्षं? वर्षातून किती वेळा यावं लागेल? काय काय तपासणार? रक्त किती वर्षं साठवणार, आणि पुढे त्यावर दुसरी तपासणी केली तर मला विचारणार का? माझं नाव कुणाकुणाला दिसणार? माझे रिपोर्ट मला देणार का? तपासणीत काही निघालं तर कुठं पाठवणार? बुडालेली रोजंदारी मिळणार का? संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता कामा नयेत.

प्रत्येक अभ्यासाला इथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्या कमिटीचा नंबर संमतीपत्रावर असतो. संस्थेबद्दल तक्रार असेल तर तिथं करायची. सही झाली की एक प्रत मागून घ्या आणि शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत ठेवा.

आईवडिलांनो, एक ध्यानात घ्या. मूल लहान असताना सही तुम्ही केली असेल. अठरा पूर्ण झाली की त्याची स्वतःची संमती नव्यानं घ्यावी लागते. तुम्ही त्याला ओढू नका, अडवूही नका. तुमच्या हातात एक मोठं काम आहे. बाळंतपणाचे कागद, जन्माच्या वजनाची नोंद, लसीचं कार्ड शोधून द्या. त्या जुन्या कागदांना अशा अभ्यासात फार किंमत असते.

आता तपासणीचा दिवस. साखरेची तपासणी असेल तर आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा आणि त्यानंतर काही खाऊ नका. सकाळी पाणी चालतं. चहा नाही, तंबाखू नाही, मिश्रीही नाही. उपाशीपोटी रक्त घेतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात. फार गोड लागतं, कुणाला मळमळतं. दोन तास तिथंच बसायचं, हिंडायचं नाही. उलटी झाली तर लपवू नका, आकडा चुकीचा येईल. रात्रपाळी करून थेट जाऊ नका, तारीख बदलून मागा. सोबत डबा न्या, शेवटचं रक्त दिलं की लगेच खा.

मुलींनो, हाडांचा आणि चरबीचा स्कॅन असेल आणि दिवस राहिल्याची जराही शक्यता असेल, तर आधी सांगा. तो स्कॅन पुढे ढकलता येतो.

प्रश्नांची उत्तरं खरी द्या. तंबाखू, दारू, पाळी, मनाची उदासी, सगळं विचारतील. नको वाटलं तर "हे मला सांगायचं नाही" असं सरळ म्हणा. तो तुमचा हक्क आहे. खोटं उत्तर मात्र देऊ नका. त्यानं सगळ्यांचाच हिशेब बिघडतो.

रिपोर्ट हातात आला की नुसता ठेवून देऊ नका. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ असेल तर आतापासून जपायचं. १२६ किंवा वर असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि तपासणी पुन्हा करून घ्या. संशोधनाची तपासणी म्हणजे उपचार नव्हे. तिथले लोक मोजतात, लिहितात, सांगतात. औषधपाण्यासाठी तुम्हालाच दवाखान्यात जावं लागेल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ती म्हणजे टिकून राहणं.

या वयात माणूस जागा सोडतो. मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत लागतो, खोली बदलतो, सिम बदलतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, नाव बदलतं. संस्थेचा माणूस जुन्या पत्त्यावर येतो आणि परत जातो. वीस वर्षांची नोंद तिथंच थांबते.

न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा असाच अभ्यास चालू आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यातली हयात असलेली शंभरातली ९४ माणसं तपासणीला आली. परदेशी गेलेल्यांना संस्थेनं तिकीट काढून आणलं. सगळे येत राहिले म्हणून त्या अभ्यासाचा शब्द जगात मानतात.

तेव्हा नंबर बदलला की एक फोन करा. तुमचा ठावठिकाणा ज्यांना कायम माहीत असतो अशा दोघांचे नंबर देऊन ठेवा, मामाचा द्या, मैत्रिणीचा द्या.

लग्न झालेल्या मुलींनी सासरी हे स्वतःच्या तोंडानं आधी सांगावं. संस्थेला बजावून ठेवा, फोन कुठल्या वेळी करायचा, आणि माझा रिपोर्ट माझ्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही, नवऱ्याला नाही, सासूबाईंनाही नाही. संमती तुमची आहे, रक्तही तुमचं आहे.

आणि थांबावंसं वाटलं तर थांबा. कारण द्यायची गरज नाही. त्यामुळे त्या रुग्णालयात तुमचा इलाज कुणी अडवू शकत नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका. "मी थांबते आहे" एवढं कळवा, आधी दिलेल्या रक्ताचं काय होणार ते विचारा. एक तपासणी चुकली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. पुढच्या वेळी जा, ते आनंदानं घेतील.

यातून तुम्हाला पैसा मिळणार नाही. कदाचित तुमचा एखादा आजार लवकर कळेल, कदाचित काहीच निघणार नाही. पण आपल्या पोराबाळांनी काय खावं, गरोदरपणी सुनेला काय द्यावं, साखर कधी तपासावी, हे डॉक्टरांना आपल्याच माणसांच्या नोंदींवरून सांगता यावं, परदेशातल्या आकड्यांवरून नव्हे, असं वाटत असेल तर ती नोंद आपल्यालाच द्यावी लागेल. आधीच नाव घातलेलं असेल, तर या आठवड्यात संस्थेला फोन करा आणि तुमचा आत्ताचा नंबर त्यांच्याकडे आहे का, एवढं विचारा.