गाडीतून खाली उतरा



अमेरिकेतले आपले नातेवाईक जिला आरव्ही म्हणतात, तिला इथे मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅन म्हणतात. ती भाड्याने घेऊन सुट्टीला जाणारी कुटुंबं आपल्यात आता बरीच झाली आहेत. त्यांच्या सामानाची यादी मला पाठ आहे: कुकर, पोळपाट-लाटणं, भाजणी, मेतकूट आणि निघता निघता ‘असू दे’ म्हणून घेतलेला चिवड्याचा डबा. खाण्याची सोय चोख. पण ‘तिथे जाऊन करणार काय?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘बघू, फिरू थोडं.’ यंदाचा लेख त्या ‘फिरू थोडं’विषयी.

जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे दगडमातीकडे माझा ओढा आहे, हे तुम्ही जाणताच. पण या वेळी काळजी आहे ती भाषेची. आपली नातवंडं मराठी बोलतात. कोणती मराठी? ‘जेव’, ‘आवर’, ‘पसारा उचल’, ‘आजीला फोन दे’. ही सगळी घरातली मराठी. उंबरा ओलांडला की इंग्रजी सुरू. ओहोटी, कातळ, थवा, चांदणं हे शब्द त्यांना ठाऊक नसतात, कारण त्या गोष्टी समोर असताना शेजारी मराठी बोलणारं माणूस नसतं. कॅम्परव्हॅनची सहल ही उणीव भरून काढू शकते. मात्र स्वयंपाकघर बरोबर नेलं म्हणून दिवसभर त्यातच बसायचं नाही. गाडी झोपायला आणि चहाला, सहल बाहेर.

ब्रिस्टलहून साधारण दोन तासांवर डॉर्सेटमधलं चारमथ आहे. तिथल्या किनाऱ्यावर जीवाश्म वेचणं हा माझ्या मते तीन पिढ्यांनी मिळून करायचा सर्वांत छान उद्योग. तिथल्या करड्या दरडी म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ. लाटा त्या दरडी धुतात आणि गोल, वळ्यावळ्यांचे ॲमोनाइट वाळूत येऊन पडतात. शेजारच्या लाइम रीजिसमध्ये १८१२ साली मेरी ॲनिंग या जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या मुलीने इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा उकरून काढला. त्याच्या आदल्या वर्षी त्याची कवटी तिच्या भावाला सापडली होती. ही गोष्ट नातीला अवश्य सांगा.

आणि मग तिला घरच्या देवघरातला शाळिग्राम आठवायला सांगा. नेपाळमधल्या गंडकी नदीत मिळणारा, आत चक्र असलेला तो काळा दगड म्हणजेही ॲमोनाइट. हिमालय उभा राहण्याआधी तिथे जो समुद्र होता, त्यातला प्राणी. आजी रोज ज्याला तुळस वाहते, त्याचा भाऊबंद इथे पायाशी सापडतो. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळ्या कातळात शंख-शिंपले कुठून मिळणार? म्हणून सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चारमथचं अप्रूप जास्त.

नियम थोडेच आहेत, पण ते पाळा. समुद्र ओहोटीला लागल्यावर जा आणि भरती सुरू होण्याआधी परत फिरा. दरडी कोसळतात, त्यामुळे त्यांच्या पायथ्याशी थांबू नका आणि त्यांच्यावर हातोडा चालवू नका. किनाऱ्यावर सुटं पडलेलं वेचा. तिथल्या हेरिटेज कोस्ट सेंटरची माणसं वाटाड्या म्हणून बरोबर येतात; पहिल्या खेपेला त्यांच्याबरोबर जाणं उत्तम.

समुद्राचं निघालंच आहे, तर आपल्या दाराशी असलेली सेव्हर्नची खाडी पाहा. तिचं तोंड नरसाळ्यासारखं. रुंद तोंडातून शिरलेलं पाणी अरुंद होत जाणाऱ्या जागेत चढत जातं. एव्हनमथला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो. जगात इतका फरक फार थोड्या ठिकाणी आढळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ती उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची, हे कोकणातल्या कोळ्यांचे शब्द. क्लीव्हडनला बाकावर बसून सकाळी आणि दुपारी तोच खडक पाहिला, तरी मुलांना दोन्ही शब्द कळतील. गुडघे दुखणाऱ्यांनाही हे जमतं. मात्र वेस्टन, ब्रीन, बर्नम या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी पाण्याच्या ओढीने चिखलात पुढे जाऊ नका. पाय रुततो आणि पाणी झपाट्याने परत येतं.

आता रात्र. एक्समूरला २०११ साली युरोपातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून मान्यता मिळाली. आणि दिवाळी तर अमावास्येची, म्हणजे चांदण्या पाहायला महिन्यातली सर्वांत अंधारी रात्र! लक्ष्मीपूजन घरी करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघालात, तरी चंद्राची कोर लवकर मावळते. रात्री नऊनंतर पूर्वेला कृत्तिकांचा झुबका शोधा. नुसत्या डोळ्यांनी किती दिसतात, ते प्रत्येकाने मोजायचं. बहुतेकांना सहा दिसतात. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता त्या याच. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र यांच्याजवळ असतो, म्हणून महिन्याचं नाव कार्तिक. आपलं कॅलेंडर आकाशात टांगलेलं आहे, हे मुलांना असंच पटतं.

मग उत्तरेला वळा आणि ध्रुव शोधा. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण दहा अंश भरते. इथे क्षितिजापासून ध्रुवापर्यंत पाच मुठी होतात. पुण्याच्या आजोबांना फोन करून त्यांच्याकडे किती भरतात, ते विचारा: दोनाला थोडी कमी. मुठींची ही संख्या म्हणजेच त्या त्या गावाचा अक्षांश. तिथे सप्तर्षी मावळतात, इथे कधीच मावळत नाहीत. पृथ्वी गोल आहे, हे मला वर्गात इतक्या स्वस्तात कधी शिकवता आलं नाही.

लांब जाणं जमत नसेल, तर सॉमरसेट लेव्हल्सवर हॅम वॉलला नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्यास्ताआधी पोहोचा. स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे वेतात उतरण्यापूर्वी आकाशात गिरक्या घेतात. ‘थवा’ या शब्दाला याहून चांगलं चित्र नाही.

व्यवहाराचं एवढंच: इंग्लंडमध्ये कुठेही गाडी लावून मुक्काम करता येत नाही, त्यामुळे कॅम्पसाइटवर जागा आधी राखून ठेवा. हिवाळ्यात बऱ्याच साइट्स बंद असतात, ते विचारून घ्या. रबरी बूट, टोप्या आणि लाल उजेडाची विजेरी घ्या. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. आणि एका दिवसात एकच गोष्ट करा. चार ठिकाणं गाठायच्या नादात सगळा दिवस गाडीतच जातो.

मुलांना एक काम द्या. रोज बाहेर भेटलेले पाच मराठी शब्द त्यांनी वहीत लिहायचे, समोर इंग्रजी अर्थ आणि एक चित्र. त्या वह्या संपादकांकडे पोहोचवा. आपला अंक दोन भाषांचा आहे. पुढच्या दिवाळीत त्याचं एक पान नातवंडांनी भरलेलं पाहायला मला फार आवडेल.

शुभ दीपावली.