मक्त्याचे करार आणि स्पर्धेचे सोंग

'मेट्रो एक्झोडस' हा संगणकीय खेळ १५ फेब्रुवारी २०१९ रोजी विक्रीस यावयाचा होता. व्हाल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या 'स्टीम' नावाच्या दुकानात त्याची आगाऊ विक्री चालू होती. प्रकाशनाला अवघे अठरा दिवस उरले असताना प्रकाशकाने जाहीर केले की, हा खेळ पुढील वर्षभर स्टीमवर नव्याने विकला जाणार नाही. संगणकासाठी तो हवा असेल, तर एपिक गेम्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या नव्या दुकानाची पायरी चढावी. माल तोच, कारागीर तेच, संगणकही तोच. बदलला तो फक्त दरवाजा, आणि तो बदलण्यासाठी ग्राहकाला कोणी विचारले नव्हते.

त्यानंतर अशा मक्त्याच्या करारांची रांगच लागली. एपिकच्या समर्थकांनी त्यांना 'स्पर्धा' म्हटले. स्टीमच्या चाहत्यांनी त्यांना 'विश्वासघात' म्हटले. दोन्ही पक्षांनी ग्राहकाच्या नावाने गळा काढला. वस्तुतः दोन बलाढ्य दुकानदारांच्या झुंजीला स्पर्धा समजणे ही अर्थशास्त्रातील चूक आहे, आणि त्या झुंजीत एका दुकानदाराचा झेंडा खांद्यावर घेणे ही राजकारणातील चूक आहे.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या आणि मासळीप्रक्रियेच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारापुढे कंत्राटी मजुरीपासून कासाडी नदीच्या प्रदूषणापर्यंत प्रश्नांचे डोंगर उभे असताना, त्याच्या मुलाच्या संगणकावरील खेळांची चर्चा कशाला, अशी शंका कार्यकर्ते घेतील. शंका रास्त आहे. पण तिचे उत्तरही सरळ आहे. ग्राहक आणि उत्पादक यांच्यामध्ये एकच फाटक उभारावयाचे आणि त्या फाटकावर जकात बसवावयाची, ही रीत आज व्यापाराच्या प्रत्येक क्षेत्रात शिरत आहे. तिचे उघडेवाघडे रूप खेळांच्या बाजारात दिसते. तळोज्याहून निघणाऱ्या मालाला ट्रक लागतो, गोदाम लागते, हमालाची पाठ लागते. या मालाला वजनच नाही. म्हणून येथे दुकानदाराचा वाटा कशाचा, हा प्रश्न आडपडद्याशिवाय विचारता येतो.

वजन नसलेल्या मालाचा खंड

स्टीम २००३ साली सुरू झाले. प्रारंभी ते व्हाल्व्हच्या स्वतःच्याच खेळांसाठी होते. पुढे ते साऱ्यांच्या खेळांची पेठ बनले. या पेठेचा दर शेकडा ३०. हजार रुपयांचा खेळ विकला गेला की, कर बाजूला ठेवले तरी, तीनशे रुपये दुकानाचे. दुकानाला खर्च नाही असे कोणी म्हणणार नाही. साठवण, देवघेवीची व्यवस्था, तक्रारींचे निवारण या सर्वांना पैसा लागतो. पण अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून २०२४ साली जे बाहेर आले, त्यावरून २०२१ मध्ये व्हाल्व्हचे एकूण नोकर होते ३३६. जगभरातील कोट्यवधी ग्राहकांची पेठ चालविणाऱ्या कंपनीत ३३६ माणसे! तेव्हा तीस टक्क्यांतील मेहनताना किती आणि खंड किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या दरात सवलत मिळाली तीही कोणाला? नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हाल्व्हने जाहीर केले की, ज्या खेळाची विक्री १ कोटी डॉलरच्या वर जाईल त्यावर पुढे २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर जाईल त्यावर २० टक्के घेतले जातील. म्हणजे बड्या प्रकाशकाला सूट आणि दोन-चार जणांनी मिळून खेळ रचणाऱ्या लहान निर्मात्याला पूर्ण दर. लहान शेतकऱ्याकडून पूर्ण अडत आणि बागाईतदाराकडून कमी, असा हा न्याय झाला.

याच वेळी, डिसेंबर २०१८ मध्ये, एपिकने शेकडा १२ दराने आपले दुकान थाटले. येथवर ही स्पर्धाच होती आणि तिचे स्वागत करावयास हरकत नव्हती. पण दर कमी करून ग्राहक येत नाही, हे एपिकला लवकरच उमगले. कारण ग्राहक दर देतच नाही. तो किंमत देतो. हजार रुपयांचा खेळ स्टीमवर हजाराला आणि एपिकवरही हजारालाच. मधले एकशे ऐंशी रुपये प्रकाशकाच्या खिशात गेले. मेट्रो एक्झोडसची किंमत एपिकने अमेरिकेत दहा डॉलरने उतरविली, हे नमूद केले पाहिजे. परंतु हा अपवाद झाला, रीत नव्हे. तेव्हा एपिकने दुसरा मार्ग धरला. मालच विकत घेऊन आपल्या कोठारात कोंडला, तर ग्राहक जाणार कोठे?

'कंट्रोल' या खेळाच्या मक्त्यासाठी ९४ लाख ९० हजार युरो मोजले गेले, हे प्रकाशक कंपनीच्या हिशेबांतूनच उघड झाले. 'शेनम्यू ३' या खेळासाठी २०१५ साली लोकांनी वर्गणी दिली होती. स्टीमवर खेळ मिळेल, असे वचन त्यांना दिलेले होते. २०१९ मध्ये तोही मक्त्यात गेला. वर्गणीदाराच्या पैशावर उभा राहिलेला माल वर्गणीदाराला न विचारता एका दुकानाच्या स्वाधीन होतो, याला 'बाजाराचे स्वातंत्र्य' म्हणावयाचे असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही.

या मक्त्यांचा पैसा आला कोठून? एपिकच्या 'फोर्टनाइट' या खेळाच्या अफाट नफ्यातून. ॲपलविरुद्धच्या खटल्यात न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार एपिकच्या दुकानाला २०१९ साली सुमारे १८ कोटी डॉलर तोटा झाला आणि २०२० साली सुमारे २७ कोटींचा तोटा अपेक्षित होता. जो वर्षानुवर्षे असा तोटा सोसू शकतो तोच या मैदानात उतरू शकतो. मग त्याला खुले मैदान कसे म्हणावयाचे? आणि अखेर ताण कोणावर पडला? सप्टेंबर २०२३ मध्ये एपिकने सुमारे ८३० नोकरांना, म्हणजे १६ टक्के कामगारांना, घरी पाठविले. कंपनी कमावते त्यापेक्षा अधिक खर्च करीत होती, अशी कबुली तिच्या प्रमुखांनी दिली. उधळपट्टी मालकाची आणि उपास नोकरांचा, हा जुनाच न्याय.

नवा खोत, जुनी रीत

रायगड जिल्ह्याला ही रीत अपरिचित नाही. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील तो लढा खोतीविरुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. खोत नांगर धरीत नव्हता. सरकार आणि कूळ यांच्यामधील जागा त्याने अडविली होती, आणि त्या जागेचे मोल तो वसूल करीत होता.

खेळांच्या पेठेतील दुकानदार हा असाच मधल्या जागेचा धनी आहे. आता समजा, एका गावावर दोन खोतांनी हक्क सांगितला आणि दोघांत भांडण जुंपले. दुसरा खोत म्हणाला, 'माझा वाटा कमी. पण माझ्याकडे आलेल्या कुळाने पहिल्याच्या खळ्यावर धान्य नेता कामा नये.' कुळाची मुक्तता झाली काय? त्याच्या गळ्यातील दोर या हातातून त्या हातात गेला, इतकेच.

स्टीमच्या निष्ठावंतांना हे अधिक कठोरपणे सांगितले पाहिजे. एपिकच्या मक्त्यांवर त्यांनी जो संताप व्यक्त केला, त्यातील अर्धा तरी सवयीच्या दुकानाविषयीचा जिव्हाळा होता. त्यांचे लाडके दुकानही साधुसंतांचे नाही. खेळाचे संकेतांक स्वस्त देशात घेऊन दुसऱ्या देशात वापरता येऊ नयेत, अशी अडवणूक केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हाल्व्ह व पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. त्याहून गंभीर आरोप वुल्फायर गेम्स या लहान निर्मात्याने एप्रिल २०२१ मधील दाव्यात केला. इतर दुकानांत खेळ स्वस्त विकू नये, असा दबाव व्हाल्व्ह आणते, असा तो आरोप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या दाव्याला निर्मात्यांचा सामूहिक दावा म्हणून मान्यता दिली. व्हाल्व्हने आरोप नाकारला आहे आणि निवाडा न्यायालय करील. परंतु आरोप खरा ठरल्यास एक कोडे सुटते. कमी दराच्या दुकानातही किंमत का उतरत नाही? कारण जुन्या दुकानाची छाया नव्या दुकानाच्या किंमतफलकावरही पडते.

एप्रिल २०१९ मध्ये एपिकच्या प्रमुखांनी जाहीर केले होते की, स्टीमने सर्व निर्मात्यांना कायमचा ८८ टक्के वाटा दिला तर एपिक मक्ते थांबवील. या वाक्यात सारे अर्थशास्त्र आले. मक्ता हा ग्राहकाच्या हितासाठी नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या मानगुटीवर ठेवलेला तो पाय होता. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून सहा महिने फक्त आपल्याकडेच खेळ ठेवणाऱ्यास पहिल्या सहा महिन्यांचे सर्व उत्पन्न देण्याची योजना एपिकने आणली. दर शून्यावर आला, पण कुलूप तसेच राहिले.

पुण्याचा खेळ, परदेशी यंत्र

हे सारे अमेरिकेचे झाले, असे म्हणून सुटका होत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने भारतीय पुराणकथांच्या आधारे 'राजी' हा खेळ रचला. २०१७ सालचा त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला तो प्रथम फक्त निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'स्विच' यंत्रावर. ते यंत्र त्या कंपनीने भारतात अधिकृतपणे विक्रीस ठेवलेलेच नव्हते. संगणकावर खेळ आला तो ऑक्टोबरमध्ये. पुण्यात घडलेला, या भूमीच्या कथा सांगणारा खेळ घेण्यासाठी पुण्याच्याच ग्राहकाला दोन महिने थांबावे लागले, किंवा चोरबाटेने आयात झालेले यंत्र शोधावे लागले. पुण्याच्या त्या तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. भांडवल नसलेल्या कारागिराला ज्या दारातून आत घेतले जाईल त्याच दारातून जावे लागते. दोष आहे तो दार एकाच्या हाती असण्याचा.

तळोजा-पनवेलच्या रस्त्यावर मोबाईलचे दुकान चालविणाऱ्या माणसाला हा अनुभव केव्हाच आला आहे. नवा फोन बाजारात आल्याची जाहिरात गिऱ्हाइकाने पाहावी, दुकानात यावे, आणि तो फोन फक्त ॲमेझॉनवर किंवा फ्लिपकार्टवरच मिळेल, असे दुकानदाराला सांगावे लागावे! दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी या दोन कंपन्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी न्यायालये गाठली. चौकशी रोखण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. चौकशी व्हावी की नाही, एवढे ठरण्यासच दीड वर्ष लोटले. तेवढ्या काळात लहान दुकानदाराचे भाडे मात्र थांबले नव्हते.

मागणी कशाची करावयाची?

दुकानावर बहिष्कार टाकणे हा एक संतापाचा उद्गार आहे. तो उपाय नव्हे. उपाय कायद्याचा हवा. वऱ्हाडातील कारंज्याला १८८६ सालीच कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला होता, आणि महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा १९६३ चा आहे. तळोज्यापासून हाकेच्या अंतरावर कळंबोलीचा लोखंड बाजार आणि पलीकडे तुर्भ्याची बाजार समिती आहे. अशा समित्या पुढे व्यापाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या हाती गेल्या, हे कडू सत्य लपविण्यात अर्थ नाही. परंतु वजनकाटा उघड असावा, अडत ठरलेली असावी, लिलाव चारचौघांत व्हावा, ही तत्त्वे त्यामुळे खोटी ठरत नाहीत.

स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये एकालाच माल देण्याच्या करारांचा उल्लेख आहे. पण स्पर्धेवर घातक परिणाम झाल्याचे प्रत्येक प्रकरणी सिद्ध करावे लागते. कलम ४ प्रभुत्वाच्या गैरवापराविषयी आहे. दोन्ही वाटांनी न्याय मिळेपर्यंत बाजार कोणाच्या तरी घशात गेलेला असतो. बड्या अंकीय कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर बड्या कंपन्यांनी काहूर माजविले, आणि २०२५ सालीही सरकार अधिक अभ्यासाचीच भाषा बोलत होते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. इतरत्र स्वस्त विकू नये, ही अट कोणत्याही बड्या दुकानाला घालता येऊ नये. बाजारावर पकड असलेल्या किंवा दुसऱ्या धंद्यातील अमाप नफा ओतू शकणाऱ्या कंपनीला मक्त्याचे करार करण्यास बंदी असावी. दुकानाचा वाटा पावतीवर छापला जावा. हजारातले किती कारागिरांकडे गेले आणि किती फाटकावर राहिले, हे ग्राहकाला कळले पाहिजे. आणि विकत घेतलेला माल ग्राहकाचा राहिला पाहिजे. आज तो केवळ परवाना असतो. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा पैसे मोजलेल्यांच्या हाती काहीच उरले नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून 'ही विक्री नसून परवाना आहे' असे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते. तेथे निदान कबुलीची सक्ती झाली. येथे हक्काची मागणी व्हावी. एका दुकानात घेतलेला खेळ दुसऱ्या दुकानात नेता आला, तर मक्त्याची अर्धी धार आपोआप बोथट होईल. कारण ग्राहक दुकानाला बांधला जातो तो त्याने तेथे साठविलेल्या खरेदीमुळेच.

तळोज्याच्या सिडको वसाहतीतील तरुण आज या बाजारात ग्राहक आहे. उद्या तो त्याच बाजारासाठी खेळ रचणारा कामगारही असेल. संध्याकाळी तो कोणत्या दुकानातून खेळ घेतो, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. पण कोणते दुकान चांगले, या वादात त्याची शक्ती खर्ची पडावी, हेच दोन्ही दुकानदारांना हवे आहे. चरीच्या कुळांनी दोन खोतांतील बरा खोत निवडण्यासाठी सहा वर्षे उपास काढले नव्हते. खोतीच नको, असे ते म्हणाले. तेच वाक्य या नव्या बाजारात कार्यकर्त्यांनी तरुणांच्या तोंडी दिले पाहिजे.