शिलाईतली माया

शिवणकामाच्या भाषेत 'माया' म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेला जादा कपडा. उद्या अंग भरले, बाळंतपण झाले, धाकट्या बहिणीला तोच कपडा घालायचा झाला, तर उसवून सैल करता यावा म्हणून ठेवलेली दोन बोटांची सोय. माझी अम्मी घोटीत पस्तीस वर्षे कपडे शिवत होती. तिचे मशीन आता माझ्याकडे आहे. त्या मशीनवर बसून मी एक गोष्ट बघत आले आहे. आपल्या दुल्हनच्या जोड्यातली माया संपली, आणि ती संपल्याचे कुणी मनावर घेतले नाही. हा लेख त्याबद्दल आहे. कुणाला झोंबला तर माझी हरकत नाही. तो आधी मलाच झोंबला आहे. ते शेवटी सांगेन.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, रात्री दहाच्या सुमाराला, एक आई आपल्या मुलीला आणि एक भलामोठा खोका घेऊन माझ्या दारात आली. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर निकाह. खोक्यात मुंबईहून आलेला गाऊन होता. मागे चेन, आत कॅनकॅनचे तीन थर, वर चिकटवलेले खडे. मुलीने घालून दाखवला. चेन पाठीवर चार बोटे उघडी राहिली. मी अस्तर उलटून बघितले. माया भाताच्या दाण्याएवढी. कापडच नव्हते, तर सैल काय करणार?

"माप कोणी दिलं होतं?" मी विचारले.

"मला कुणी विचारलंच नाही, खाला," मुलगी म्हणाली. "होणाऱ्या नणंदेच्या अंगाला लावून घेतला."

आई म्हणाली, "ही महिनाभर कमी जेवली असती तर बसला असता." त्या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते मला तेव्हा सुचले नाही, आजही सुचत नाही. मी चेन काढून टाकली, ओढणीच्या कडेचा कपडा कापून दोन्ही बगलेखाली लांब कळ्या बसवल्या, पाठीला काज करून डोरी ओवली. काम संपले तेव्हा फजरची अजान झाली. जाताना आई हळूच म्हणाली, "किसी को बोलना नको." मी नाव अजूनही घेतलेले नाही आणि घेणारही नाही. पण गोष्ट सांगते, कारण ती एका घराची नाही. अशा रात्री माझ्या दाराला दर हंगामात येतात.

त्या गाऊनची किंमत पंचेचाळीस हजार होती. हा आकडा मुलीच्या बापाला महिनाभर आधी कळवला गेला होता. का कळवला, हे ज्याला समजायचे त्याला समजले. बाप राईस मिलमध्ये हमाली करतो. मुलाकडचे एवढा जोडा आणतात म्हटल्यावर आपणही तोलामोलाचे काही द्यायला हवे, म्हणून त्याने पलंग, कपाट, फ्रीज उचलला. अर्धे पैसे व्याजाने. मुलाकडून येणाऱ्या कपड्यांना आपल्याकडे कुणी बरी म्हणते, कुणी सांचकचे कपडे म्हणते. दिसायला ती मुलीला दिलेली भेट. प्रत्यक्षात ती जहेजची पावती असते, आधीच फाडलेली. दख्खनच्या आपल्या बोलीत हुंड्याच्या रोकडीला नाव काय आहे, आठवून बघा. 'जोडे की रकम'! नवरदेवाच्या कपड्यांसाठी म्हणून सुरू झालेले पैसे हुंडा होऊन बसले, आणि कपड्याचे नाव मात्र तसेच राहिले. कपड्याच्या आडून काय काय येते, हे आपल्या भाषेला आपल्याआधी कळले होते.

याच घरात निकाहच्या वेळी मेहर किती, यावर अर्धा तास घासाघीस झाली. मेहर हा मुलीचा हक्क आहे, तो खुशीने द्या, असा हुकूम सूरह निसाच्या चौथ्या आयतीत आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही मेहर हुंड्यात मोजलेला नाही. तो वेगळा ठेवला आहे. म्हणजे शरियत आणि सरकार दोघेही ज्या पैशाला मुलीचा पैसा मानतात, तो आपण उधार ठेवतो. आणि जो कपडा तीन तास लोकांनी बघायचा, त्याचे पैसे रोख मोजतो. जोडा रोख, मेहर उधार. आपल्या शादीचा हिशेब एवढ्या चार शब्दांत मावतो.

मग करायचे काय? सगळ्यांनी सुती कुर्त्यात निकाह करायचा? असे म्हणणारे लोक आहेत. काही मिंबरवर बसतात, काही आपल्या पुरोगामी सभांमधून बोलतात. दोघांच्याही सादगीची सुरुवात बाईच्या कपड्यापासून होते. बिर्याणीच्या देगा, हॉलचे भाडे, गाड्यांची रांग यांवरचे बयान मी क्वचितच ऐकले. बायकांच्या नटण्यावरचे मात्र लहानपणापासून ऐकते आहे. मला हे मान्य नाही. मुलीला त्या दिवशी सुंदर दिसावेसे वाटते, यात गैर काही नाही. प्रश्न सुंदर कपड्याचा नाही. तो विकतच का घ्यावा लागतो, हा आहे.

सहीह बुखारीत, भेटवस्तूंच्या प्रकरणात, हजरत आयशांची (रजि.) एक आठवण आहे. उतारवयात त्यांच्या अंगावर पाच दिरहम किमतीचा जाडाभरडा कपडा होता. आलेल्या माणसाला त्यांनी सांगितले, की बघा, माझी ही दासी असला कपडा घरातसुद्धा घालायला नाखूश असते. पण पैगंबर साहेबांच्या हयातीत माझ्याकडे असाच एक कपडा होता, आणि मदिन्यात जिला नटायचे असे ती तो माझ्याकडून मागून नेत असे. इमाम बुखारींनी या हदीसवर जो मथळा दिला आहे, तो दुल्हनसाठी कपडा उसना घेण्याबद्दलचाच आहे.

वाचकहो, या एका आठवणीत आपला सगळा वाद येऊन जातो. दुल्हन नटत होती, म्हणजे नटणे वाईट नव्हते. कपडा उसना होता, म्हणजे उसना घेण्यात कमीपणा नव्हता. एकाच पिढीत दासीलाही तो नकोसा झाला, म्हणजे फॅशनची हौसही आजची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की तो कपडा कुणा गरिबासाठी बाजूला काढलेला नव्हता. तो खुद्द पैगंबरांच्या घरातला, उम्मुल मोमिनीन यांच्या अंगावरचा होता. ज्या घराहून मोठे घर मदिन्यात नव्हते, त्या घरातून तो जात होता. म्हणून तो मागताना कुणाची मान खाली गेली नाही.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे 'उतरन'. दुसऱ्याने उतरवलेला कपडा. हा शब्द कानावर पडू नये म्हणून बाप कर्ज काढतो. अम्मीचा शादीचा जोडा, लाल रेशमी शरारा आणि जरीची ओढणी, मोहल्ल्यातल्या अकरा मुलींनी घातला होता. अम्मी प्रत्येकीच्या मापाने माया उसवायची, पुन्हा कच्ची शिलाई घालायची. नेफ्यात नाडी होती, त्यामुळे कमरेचा प्रश्न नव्हता; उंचीसाठी खाली चार बोटांची दुमड होती. अकरावीच्या सासरी कुणीतरी ओळखले. "ये तो उतरन है," असे भर शादीत म्हटले. बारावी मुलगी आलीच नाही. अम्मीने जोडा पेटीत ठेवला. घोटीत तीन-चार महिने पाऊस थांबत नाही. पेटीतल्या जरीला तो सोडत नाही. दोन पावसाळ्यांत ओढणी काळी पडली.

आता मला सांगा, शादीत उसने काय नसते? देगा जमातीच्या, ताटे जमातीची, सतरंज्या जमातीच्या. मांडव भाड्याचा, नवरदेवाचा घोडा भाड्याचा. त्या घोड्यावर काल दुसराच कुणी बसला होता, म्हणून कुणी त्याला उतरन म्हणत नाही. मशिदीत ठेवलेला जनाजा तर श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच. मरताना जे चालते ते शादीत का चालत नाही? मुलीच्याच अंगावरचे तेवढे कोरे करकरीत हवे, हा हट्ट कुठून आला?

काही जण म्हणतील, हे ख्रिश्चन लोकांचे, इंग्रजांचे वेड आपल्यात शिरले. तेही खरे नाही. पांढऱ्या गाऊनची रीत जिच्या नावाने सांगतात त्या व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये स्वतःच्या लग्नात वापरलेली लेस 1897 च्या हीरक महोत्सवातही वापरली होती. राणीला जुनी लेस चालली, आपल्याला मात्र कोरा गाऊन हवा. तेव्हा दोष इंग्रजांना देऊ नका. हे बाजाराचे वेड आहे आणि ते आपण स्वखुशीने विकत आणले आहे. पूर्वी घोटीहून जीपने घाट उतरून कसाऱ्याला लोकल धरायची आणि भायखळ्याला उतरायचे, यात दिवस जायचा. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता मुंबईची फॅशन दुपारच्या चहाला घोटीत पोचते.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. साडी नको, ती आपली नाही. माझी दादी आयुष्यभर नऊवारी नेसली आणि पाच वेळची नमाज तिने चुकवली नाही. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते, मालेगावच्या यंत्रमागांवर आपल्याच मोमीन भावांच्या हातून साड्या निघतात. ज्या कपड्यावर आपल्या हजारो घरांची चूल पेटते तो कपडा आपला नाही, हे कुणी ठरवले? शिवणारीच्या नजरेने सांगते, साडीसारखी मायाळू वस्त्रजात दुसरी नाही. तिला माप लागत नाही. तीच साडी सासू, सून, नणंद तिघींना येते. ज्यांना शरारा, घागरा, गाऊन हवा त्यांनी तो जरूर घालावा. पण बाई कोणतीही असो, कपड्याने तिच्या अंगाप्रमाणे वळावे. कपड्यासाठी तिने उपाशी राहू नये.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दुल्हनच्या जोड्यांचे एक कपाट असावे. सहा-सात जोडे पुरतात. चेन नको, डोरी हवी. कमरेला नेफा आणि नाडी. बगलेत आणि बाहीत दोन-दोन बोटे माया, खाली दुमड. खडे चिकटवलेले नकोत, टाचलेले हवेत, म्हणजे धुता येतील. ब्लाउज तेवढा प्रत्येकीचा वेगळा शिवावा; त्याला मीटरभर कापड लागते. पसंती मुलीने करायची, आठ दिवस आधी घालून बघायचे, आणि माप घेताना तिच्याखेरीज कुणी बोलायचे नाही. हे होत नाही असे म्हणू नका. केरळात, मलप्पुरम आणि पलक्कडच्या सीमेवरच्या तूता गावी एका टॅक्सीचालकाने 2020 मध्ये घरोघरचे शादीचे जोडे गोळा करून ड्रेस बँक सुरू केली, आणि शेकडो मुलींनी त्यातले कपडे नेले. एका माणसाने एका गावात केले. आपल्याकडे तर जमाती आहेत, अंजुमने आहेत, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष आहेत.

पण यात एक मेख आहे आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. हे कपाट 'गरीब मुलींसाठी' म्हणून उघडले, तर ते पहिल्याच दिवशी मेले. त्यातला जोडा जी घालेल तिच्या पाठीवर गरीब असा शिक्का बसेल, आणि तिचा बाप पुन्हा व्याजाच्या दारात जाईल. उसन्या कपड्यातली लाज वरच्या घरातून आली, तर ती वरच्या घरानेच काढायला हवी. कपाटातला पहिला जोडा डॉक्टरांच्या, वकिलांच्या, जमातीच्या अध्यक्षांच्या मुलीने घालायला हवा, आणि सगळ्यांना सांगून घालायला हवा. हजरत आयशांच्या कपड्याचे मोल पाच दिरहमात नव्हते. तो कुठल्या घरातून आला, यात होते. आपण त्या घराची सुन्नत सांगतो, दाढीची लांबी त्यावरून मोजतो. मग ही सुन्नत कुठे गेली?

आता माझे सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीची शादी झाली. मी शिवणारी बाई. अकरा मुलींचा जोडा जिने फिरवला तिची मी मुलगी. मला माझ्या मावसबहिणीच्या सुनेचा सुंदर शरारा मिळत होता, माझ्या मुलीला तो आवडलाही होता. मी 'लोग क्या बोलेंगे' म्हणून नको म्हटले आणि नवा आणला. मुलीने तो तीन तास घातला. वजनाने तिचे खांदे लाल झाले होते. जोडा माझ्याच पेटीत आहे, कारण तिच्या घरी ठेवायला जागा नाही. गेल्या पावसाळ्यात काढून बघितला तर जरी काळपट व्हायला लागली होती.

या महिन्यात मी तो पेटीतून बाहेर काढला, उन्हात घातला, चेन उसवून डोरी बसवली. बगलेत घालायला कपडा नव्हता, तो दुसरा आणून जोडला. घोटीत ज्या कुणाला हवा असेल तिने माझ्या दाराशी यावे. देताना मी सांगेन, की हा माझ्या मुलीचा आहे. आणि नेणारीनेही शादीत तसेच सांगावे. मी मोठ्या घरातली नाही. म्हणून ज्यांची घरे मोठी आहेत त्यांना विचारते, तुमच्या पेट्या तुम्ही केव्हा उघडणार?