माप कोणाच्या अंगाचं?

शिवणवर्गातल्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "ताई, हे फॅशन डिझायनर स्वतःच्या अंगाला शोभतील असेच कपडे काढतात का हो?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

काही जणी तसं करतात, हे खरंच आहे. पॅरिसची कोको शानेल शिडशिडीत होती. जे स्वतःला घालावंसं वाटलं, तेच तिने विकलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने जर्सीचे सैल, हलके कपडे आणले. कॉर्सेटने आवळलेल्या बायकांना मोकळा श्वास मिळाला. पण सरळसोट कपड्यांची हीच फॅशन 1920च्या दशकात रूढ झाली, तेव्हा भरल्या अंगाच्या बायका छाती सपाट दिसावी म्हणून ती आवळून बांधू लागल्या. एकीची सोय दुसरीची सक्ती झाली.

उलट उदाहरण ख्रिश्चन दिओरचं. हे स्थूल गृहस्थ. 1947 साली त्यांनी 'न्यू लुक' आणला. आवळलेली कंबर, नितंबांवर पॅड, लांब घोळदार स्कर्ट. तो घालून त्यांना स्वतःला बस पकडायची नव्हती! युद्धातल्या टंचाईनंतर अनेकींना तो घोळ हवासा वाटला, हेही मान्य करायला हवं. पण त्याच वर्षी अमेरिकेत डलासच्या बायकांनी लांब स्कर्टविरुद्ध 'लिटल बिलो द नी क्लब' काढला.

तेव्हा बाईने काढलं ते चांगलं, पुरुषाने काढलं ते वाईट, इतकं हे सोपं नाही. 1942 साली अमेरिकेच्या क्लेअर मॅककार्डेलने घरकामासाठी 'पॉपओव्हर' ड्रेस केला. मोठा खिसा असलेला, आणि आपल्या लुगड्यासारखा अंगाभोवती गुंडाळायचा.  काम करणाऱ्या बाईला काय लागतं, ते तिने पाहिलं.

रेडिमेड कपड्यांत तर डिझायनरचं अंगही मागे पडतं, उरतो मापांचा तक्ता. अमेरिकन सरकारने सुमारे 15 हजार बायकांची मापं घेऊन 1941 साली अहवाल काढला. त्यात गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं धरलीच नाहीत. तक्ता असा अपुरा, आणि कपडा बसला नाही की दोष बाईच्या अंगाला! आपणही दुकानात कुर्ता अडकला की "मीच सुटलेय" म्हणून ओशाळतो. कुर्ता चुकीचा बेतलाय, असं कितीजणी म्हणतो?

शिवणवर्ग चालवणाऱ्या मैत्रिणींनो, कपडा बेतताना अनुभव आपला वापरूया, माप मात्र घालणारीचं घेऊया. ती बाळंतीण असेल, म्हातारी असेल, शेतात वाकणारी असेल, कर्करोगात स्तन गमावलेली असेल. तिला विचारूया, "कुठे काचतं?" आणि खिसा तर द्यायचाच. स्वतःचे पैसे ठेवायला प्रत्येकीला जागा हवी.