कितवी जनरेशन?

नवं मॉडेल आलं, आता जुन्याला कोण विचारणार, असं आपण सहज म्हणून जातो. डेस्कटॉपच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. इंटेल आणि एएमडी जवळपास दरवर्षी काही ना काही नवं काढतात, पण म्हणून दरवर्षी तुमच्या टेबलाखालच्या सीपीयूचा भाव कोसळत नाही. तो हळूहळू उतरत असतो आणि एखाद्या दिवशी धाडकन पडतो. तो दिवस बरेचदा भलतंच कोणीतरी ठरवतं.

आयकर खात्याचा हिशोब सरळ आहे. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा. म्हणजे पन्नास हजारांची वस्तू तीन वर्षांनी सीएच्या कागदावर १०,८०० रुपयांची उरते. बाजार मात्र कागद बघत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता सांगणारा विरळाच) जुना पीसी घेऊन जा. केवढ्याला घेतला होता, हे दुकानदार विचारतही नाही. पहिला प्रश्न, ‘कितवी जनरेशन?’ दुसरा, ‘बिल-बॉक्स आहे का?’ बाकी बोलणं नंतर. आय-फाइव्ह ७५०० आणि आय-फाइव्ह ८५००, दोन्ही इंटेलचेच. टॅली, वर्ड, बँकेची वेबसाइट एवढ्यापुरतं वापरणाऱ्याला दोन्हींतला फरक जेमतेम जाणवेल. पण पहिला आकडा सात की आठ, यावर भावाची गाडी अडते. कारण विंडोज ११. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ते आणताना अट घातली की इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय हवी. सातवीवाले, एखाददुसरा अपवाद सोडला तर, बाहेर. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार थांबला. पाहिजे त्याला वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण गिऱ्हाइकाच्या मनात जे बसायचं ते बसलं. धडधाकट मशिनं एका अटीपायी उतरली. आडमार्गाने त्यांच्यावर विंडोज ११ चढवता येतं. तेवढ्यावर चार पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक मात्र मिळत नाही.

ॲपलची गोष्ट जरा वेगळी. ‘मॅकला रीसेल चांगली’ हे वाक्य आपल्याकडे सोन्याच्या दागिन्याबद्दल बोलावं तशा थाटात बोललं जातं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण किती, ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये मॅक मिनी आला तो एम-टू चिप आणि ८ जीबी रॅमचा, भारतात ५९,९०० रुपयांना. ऑक्टोबर २०२४ मध्ये एम-फोरचा जाहीर झाला, १६ जीबी रॅमचा, किंमत तीच ५९,९००. आता आदल्या वर्षी घेतलेल्या माणसाने काय मागायचं? दुप्पट रॅमचा नवाकोरा, वॉरंटीसकट, त्याच पैशात मिळत असताना जुन्याला पन्नास हजार देणारा भेटायचा नाही. इथे नव्या मॉडेलने भाव पाडला, हे कबूल. पण तो पाडला किमतीने. नुसत्या नवेपणाने नव्हे.

इंटेलवाल्या मॅकचं दुखणं याहून मोठं. डिसेंबर २०१९ मध्ये ॲपलने जो मॅक प्रो विकायला काढला त्याची अमेरिकेतली किंमत ५,९९९ डॉलरपासून सुरू व्हायची. जेमतेम सहा महिने उलटले तोच, जून २०२०ला, कंपनीने सांगून टाकलं की आम्ही इंटेल सोडतोय. जून २०२५ मध्ये पुढची घोषणा झाली: त्या वर्षीची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मॅक-ओएस. यंत्र जिथल्या तिथे, तितकंच वेगवान. कमी झाली ती त्याची पुढची वर्षं, आणि जुनी वस्तू विकत घेणारा माणूस पैसे मोजतो ते पुढच्या वर्षांचेच.

कंपन्यांकडून लीज संपून लॉटने बाहेर पडणारे ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर हे ऑफिसचे डेस्कटॉप मला यातले सगळ्यात प्रामाणिक वाटतात. मजबूत असतात, ऑफिसात वापरलेले असतात आणि स्वस्त मिळतात. स्वस्ताईचं एक कारण असं की, त्यांचा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय बहुधा बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. मोडून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसवायला गेलं तर स्क्रूची भोकंसुद्धा जुळत नाहीत. असेंबल्ड पीसीचं उलट. तो अख्खा विकायला जाल तर हिरमोड होईल, पण सुटे भाग विका, बेरीज जास्त भरते. एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचे बोर्ड २०१७च्या सुमारास बाजारात रुळले आणि त्या सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर येत होते. साहजिकच तो बोर्ड मोडीत गेला नाही. इंटेलने तेवढ्या काळात सॉकेट वारंवार बदलले.

आणि कधीकधी जुनं महागतं. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ड्रॉवरमध्ये पडलेल्या रॅमच्या पट्ट्यांना अचानक गिऱ्हाईक आलं. हे काही कुठल्या नव्या मॉडेलमुळे झालं नाही.

तेव्हा घरचा डेस्कटॉप विकायचा विचार असेल, तर नवं मॉडेल कधी येतंय याच्या बातम्या चाळत बसू नका. आपल्या मशिनला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख बघा आणि त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी काढून टाका. तारीख उलटून गेली असेल तर घासाघीस करण्यात अर्थ नाही. मशिनमध्ये दुसरी डिस्क बसवून लिनक्स चढवा आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला देऊन टाका. विका किंवा द्या, तुमची जुनी हार्ड डिस्क मात्र आधी काढून घ्या. फाइल डिलीट केली की ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते. आणि तुमच्या पॅन कार्डाच्या स्कॅनला जुन्या बाजारातही चांगला भाव आहे.